कुव्याची भिंत

नबीचाचांच्या जबड्यावर बोल्ट आदळला, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

आम्ही दोघं कुव्याच्या बाहेरच्या अंगाला होतो. आत दादा नवी मारुती गाडी भिंतीवर चढवून बघत होता. सोनगिरवाडीच्या भैरोबाच्या यात्रेचा तो मुख्य दिवस. सकाळची वेळ होती आणि माणसं अजून देवळाकडंच होती. गाडी फिरत आमच्या बाजूला आली की अख्खी भिंत बाहेर पोट काढायची, पुढं गेली की परत आत जायची. मी म्हणाले, "चाचा, मागं सरा."

"रुक बेटी, एवढा बोल्ट आवळतो," म्हणत ते पान्हा घेऊन पुढं वाकले. पुढच्या फेरीला तोच बोल्ट लोखंडी पट्टीतून सुटला आणि बंदुकीच्या गोळीसारखा आला.

चाचा ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी तोंड धरून ते मटकन खाली बसले. बोटांच्या फटीतून आधी रक्त आलं, मग दात आले.

मी पत्र्याच्या दारावर लाथा घातल्या. "दादा, गाडी उतरव! चाचा पडलं!"

दादा बाहेर आला. चाचांना बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यानं स्वतःच्या गळ्यातला टॉवेल त्यांच्या हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधला, त्यांना उचलून पाळणेवाल्यांच्या टेम्पोत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात धाडलं. टेम्पो हलेपर्यंत चाचांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. बोलता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या हातानं ते सारखे भिंतीकडं दाखवत होते.

टेम्पो गेल्यावर दादानं पिंपातल्या पाण्यात हात धुतले.

"बोल्ट ढिला राहिला असंल," तो म्हणाला. "म्हाताऱ्याची नजर गेलीय आता. दुसरा टाकतो."

मौत का कुवा म्हणतात, तो आमचा धंदा. फळ्यांची गोल उंच भिंत, आत मोटारसायकली फिरवायच्या, आणि वरच्या सज्जात उभं राहून माणसांनी खाली बघायचं. आमच्या वडिलांनी, आबांनी, तो उभा केला होता आणि नबीचाचा पहिल्यापासून त्यांचे जोडीदार होते. आबा गेल्यावर दादा मालक झाला. मी सोळाव्या वर्षापासून भिंतीवर यामाहा चालवायचे. पोरगी गाडी चालवते म्हणून माणसं आमच्या जिन्याला रांग लावायची.

मग यात्रांमधून दुसरा एक कुवा फिरायला लागला. त्यांच्या भिंतीवर मारुती फिरायची. माणसं आमच्या जिन्याशी येऊन विचारायची, "हितं मोटार हाय का?" नाही म्हटलं की पाठ फिरवायची. तेव्हापासून दादाला झोप नव्हती. पहिल्या वर्षी त्यानं मोठे कर्णे आणले. दुसऱ्या वर्षी दिव्यांची कमान आणि रंगवलेला फलक आणला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्या यात्रेच्या वर्षी, वहिनी पोटुशी होती, आणि दादानं गाडी आणली. त्याला मिरजेत घर हवं होतं, पुढं दुसरा कुवा हवा होता. आपलं पोर तंबूत रांगायचं नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या म्हणण्यात खोट होती असं मी म्हणणार नाही. पोट सगळ्यांनाच असतं.

पण भिंत आबांच्या वेळची होती. ती दोन मोटारसायकलींसाठी बांधलेली होती.

चाचांचा पान्हा खाली पडला होता. तो उचलून मी कुव्याला वळसा घातला. दादानं यात्रेआधी बाहेरून लाल-पिवळा रंग काढून घेतला होता, त्यामुळं लांबून सगळं नवं दिसायचं. मी वाकून एका फळीच्या बुडाला पान्ह्याचं टोक लावलं आणि दाबलं. ते आत गेलं. जोर लावावा लागला नाही. शेजारच्या फळीतही गेलं. किती पावसाळे, किती ओल्या माळांवर ती फळकुटं उभी राहिली होती, कोण जाणे. मागच्या बाजूला, जिथं कुणी फिरकत नाही, तिथं भिंतीला कमरपट्ट्यासारखा वेढलेला तारेचा दोर होता. सगळी भिंत त्या दोरावर उभी असते. त्याच्यावरून हात फिरवला तर तुटलेल्या तारा तळव्यात घुसल्या.

रक्ताळलेला तळवा तसाच घेऊन मी दादाकडं गेले. तो गाडीच्या इंजिनात तेल बघत होता. बॉनेट आणि दारं त्यानं काढूनच टाकली होती.

"दादा, मागचा दोर उसवलाय. फळ्या बुडाला कुजल्यात. आज गाडी नको."

"आजच नको? आज भैरोबाचा दिवस हाय, केशर."

"आपुन दोन मोटारसायकली चालवू. मी डोळं बांधून चालवते, हात सोडून चालवते. म्हणशील ते करते. गाडी तेवढी नको."

"आठ दिस माईकवर गाडी-गाडी बोंबलतोय आपुन. आता काय सांगू लोकास्नी?"

"बिघडली म्हणून सांग. ह्या सालची कमाई फळ्यात आन् दोरात घाल. भिंत नवी कर, मग गाडी काय, ट्रक चढव."

दादा ताठ उभा राहिला. "फळ्या बघायला कोण तिकीट काढतं गं?"

"वर माणसं असत्यात, दादा. पोरंबाळं असत्यात."

त्यानं माझ्या थोबाडीत दिली. त्याच्या बोटातली अंगठी ओठाला लागली आणि ओठ फाटला.

"आबा बी असंच म्हणायचा," तो म्हणाला. "आधी भिंत, आधी भिंत. जन्मभर भिंत आवळत बसला आन् तंबूत मेला. मला न्हाई तसं मरायचं."

वहिनी तिकिटांच्या टेबलाशी माईक पुसत बसली होती. तिनं सगळं पाहिलं. मी तिच्याकडं गेले, तर तिनं मान खाली घातली.

"वैनी, तुमी तरी बोला त्याला."

"माझं ऐकत्यात का ते?" ती हळूच म्हणाली. "तोंड धुवा वन्सं. दुपारचा खेळ हाय."

दुपारी माणसं आली. एवढी माणसं आमच्या जिन्यावर मी कधी पाहिली नव्हती. कुव्याच्या तळाशी उभं राहिलं की वर फक्त डोक्यांचं कडं दिसतं आणि मधे आभाळाचा गोल तुकडा. त्या दिवशी कडं तीन-तीन रांगांचं होतं. बापांच्या खांद्यावर पोरं बसली होती. एक म्हातारी कठड्यावर कोपरं टेकून शेंगा सोलत होती आणि टरफलं आत टाकत होती. बांगड्या भरून आलेल्या दोन बाया हात वर करून एकमेकींना दाखवत होत्या.

आधी मी चढले. मोटारसायकल भिंतीच्या बुडाशी असलेल्या तिरक्या उतारावर घेतली, वेग दिला आणि भिंतीवर गेले. माणसं ओरडली, नोटा धरलेले हात खाली आले. पण माझं लक्ष चाकाखाली होतं. मागच्या पल्ल्यावरून, म्हणजे जोडलेल्या फळ्यांच्या मागच्या तुकड्यावरून, जाताना चाक दर फेरीला जरा जास्त खाली बसत होतं. माझी मोटारसायकल ती केवढी, माझं वजन ते केवढं. तरीही ते लाकूड दबत होतं. एकही नोट न घेता मी खाली उतरले.

दादा गाडीत बसला होता. गळ्यात झेंडूची माळ, डोळ्यांना काळा चष्मा. त्यानं वर बघून हात हलवला आणि सगळा सज्जा आरडाओरड करायला लागला. कर्ण्यातून वहिनीचा आवाज येत होता, "आता बघा, आता बघा, मोटार उभ्या भिंतीवर!" आधीच तापवून ठेवलेल्या गाडीची चावी दादानं फिरवली.

दाराशी पहार टेकवलेली होती. पल्ले बसवताना फळ्या उचलायला ती लागते. ती मी कधी उचलली ते मला आठवत नाही. पहिला घाव काचेवर बसला एवढं आठवतं. काच दादाच्या मांडीवर सांडली. तो काही बोलायच्या आत मी पुढं जाऊन उघड्या इंजिनावर पहार घातली. रेडिएटर फुटला, उकळतं पाणी माझ्या हातावर आणि मानेवर उडालं. मी किंचाळले, पण थांबले नाही. दुसरा घाव, तिसरा घाव. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

वर शिट्ट्या सुरू झाल्या.

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. दादा गाडीतून बाहेर पडला, त्यानं माझी वेणी धरून मला मागं खेचलं, तशा टाळ्या पडल्या. त्यानं माझ्या पोटात गुडघा घातला. मी पहार सोडली नाही. त्याच्या नडगीवर मारली. तो कळवळून वाकला आणि वरून कुणीतरी ओरडलं, "भले शाब्बास! हाण त्याला!" नाणी पडायला लागली. एक माझ्या डोक्याला लागलं.

"येडी झालीस का?" दादा किंचाळत होता. "माझं घर फोडलंस तू! माझं घर!"

"फोडलं! फोडलं!" मीही ओरडत होते. "आता चढव गाडी!"

त्यानं पहार हिसकावून घेतली. मी डावा हात डोक्यावर धरला आणि ती हातावर आली. हाड मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला. मी मागच्या पल्ल्याजवळ उतारावर पडले. दादानं पुन्हा पहार उचलली. त्याच्या डोळ्यात मी त्याची बहीण नव्हते. वर सगळी गर्दी नीट दिसावं म्हणून आमच्या बाजूला सरकली होती, एकावर एक रेलली होती, आणि ओरडत होती, "मार! मार!"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. बैलाच्या पाठीवर आसूड बसावा तसा, एकच.

दोर तुटला होता.

मागची भिंत वीतभर खाली बसली. वरच्या डोक्यांचं अर्धं कडं एकदम खाली आलं आणि थांबलं. शेंगा सोलणाऱ्या म्हातारीच्या हातातली पिशवी सुटून आमच्यामधे पडली. शिट्ट्या थांबल्या. खांद्यावरचं एक पोर रडायला लागलं, बाकी काही ऐकू येत नव्हतं.

दादा पहार वर धरूनच उभा होता. त्यानं मान वर केली. भिंतीवर गाडी नव्हती, मोटारसायकल नव्हती, काही नव्हतं. फक्त माणसं उभी होती.

मग कर्ण्यातून वहिनीचा आवाज आला. ती बाहेर होती, तिनं दोर तुटून सैल पडलेला डोळ्यांनी पाहिला होता. त्या बाईचा आवाज एवढासाही हलला नाही.

"मंडळी, खेळ आज होनार न्हाई. तिकिटाचं पैसं मागारी मिळतील. आधी पोरं न् म्हाताऱ्या उतरू द्या. एकेक जण उतरा. पळू नका, ढकलू नका. जिन्यावर दोन्ही हातांनी धरा."

दादानं पहार टाकली आणि धावत जाऊन खचलेल्या पल्ल्याला पाठ लावली. दोन्ही पाय जमिनीत रोवले. माणसाच्या पाठीनं ती भिंत थोडीच पेलणार होती? पण तो तसाच उभा राहिला, दात-ओठ खात. मी उठले. डावा हात लोंबत होता. मीही त्याच्या शेजारी पाठ लावली. फळ्या पाठीत करकरत होत्या. वरून पावलं सरकत होती, एकेक पाऊल हाडात जाणवत होतं. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. जिना वाजायचा थांबेपर्यंत आम्ही तसेच होतो.

बाहेर आलो तर वेगळंच चाललं होतं. उतरलेल्यांना पैसे मिळत होते, पण जे तिकीट काढून खाली ताटकळले होते ते चवताळले होते. कुणीतरी ओरडलं, "फशिवलं! गाडीच न्हाई ह्यांच्याकडं!" दिव्यांच्या कमानीवर पहिला दगड पडला. मग सगळ्यांचेच हात मोकळे झाले. टेबल उलटलं. वहिनी पोट धरून मागं सरली आणि टेबलासकट पडली. दादा तिच्या अंगावर आडवा झाला. त्याच्या पाठीत लाथा बसत होत्या, डोक्यात काठी बसली, तरी तो उठला नाही. मी एका हातानं एकाचा सदरा धरून ओढत होते, त्यानं मला कोपरानं उडवलं.

मिसरूड फुटलेल्या दहा-बारा पोरांनी तुटलेल्या दोराचं टोक धरलं आणि ओढायला लागले. रस्सीखेच खेळावी तसे हसत ओढत होते. भिंतीनं फार वेळ लावला नाही. मागचा पल्ला गेला, त्याच्या मागोमाग शेजारचा, आणि मग सगळा कुवा आतल्या गाडीवर कोसळला. धुरळा देवळापर्यंत गेला. हसणं बंद झालं. एका पोराचा पाय पल्ल्याखाली अडकला होता, तो गुरासारखा हंबरत होता. त्याचे सोबती पळाले. डोक्यातलं रक्त डोळ्यात ओघळत असलेला दादाच तिथं गेला, पल्ला उचलून धरला आणि वहिनीला म्हणाला, "वढ त्याला."

पोलीस आले तेव्हा लाठी मारायला माळावर आमच्याशिवाय फारसं कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला प्लास्टर घालून मी तालुक्याहून परत आले. चाचांचा जबडा तारेनं बांधला होता. वहिनी दवाखान्यात होती, तिच्या पोटातलं बाळ सुखरूप होतं. दादा माळावर एकटाच होता. डोक्याला चिंधी बांधून तो ढिगाऱ्यातून एकेक फळी ओढून काढत होता, जमिनीवर आडवी ठेवत होता आणि टाचेनं दाबून बघत होता. बहुतेक फळ्या टाचेखाली मोडत होत्या. मोडली की तो ती बाजूला फेकायचा आणि दुसरी घ्यायचा.

मी दगडावर बसले. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "वैनी कशी हाय तुझी?"

"बरी हाय. बाळ बी बरं हाय."

त्यानं आणखी एक फळी घेतली. ती मोडली.

"गाडी चढली असती तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग पुन्हा धरलं. "कितव्या फेरीला गेली असती?"

"पयल्याच."

हातातली नवी फळी त्यानं हळूच खाली ठेवली, चार पावलं बाजूला गेला, गुडघ्यावर बसला आणि ओकला. माफी त्यानं मागितली नाही, मीही त्याच्याजवळ गेले नाही. पण मला माझ्या मोडक्या हाताचा राग धरता येईना.

त्यानंतर दोन वर्षं आमचा कुवा कुठल्याच यात्रेत लागला नाही. मोडकी गाडी भंगारात गेली, कर्णे विकले. दादा ज्यांच्याकडं मारुती होती त्यांच्याच कुव्यावर कामाला राहिला. ज्यांच्यावर जळत होता, त्यांचेच बोल्ट आवळत होता. माझा हात जरा वाकडा जुळला, पण क्लच दाबता यायला लागला. चाचा तोंड वाकडं करून बोलायचे, पण बोलायचे.

तिसऱ्या वर्षी सागाच्या फळ्या आल्या. त्यांचं बूड जमिनीला टेकू नये म्हणून दादानं लोखंडी बैठक करून घेतली. दोर नवा आणला, एक नाही, दोन. रंग द्यायला मात्र तो तयार होईना. "उघडं दिसू दे," म्हणायचा. कोरा, बिनरंगाचा, बिनदिव्यांचा कुवा बघून यात्रेतले लोक हसायचे. माणसं कमी चढायची. कधीकधी आम्ही दोघं भाऊ-बहीण मोटारसायकली फिरवायचो आणि वर पंधरा-वीस डोकी असायची. दादा कुरकुरला नाही. प्रत्येक यात्रेनंतर तो आणि चाचा एकेक फळी ठोकून बघायचे. मिरजेतलं घर लांब पडलं आणि त्याची मुलगी आधीच तंबूत रांगून चालायला लागली होती.

गाडी पुन्हा घेतली तेव्हा ती मुलगी शाळेत जायला लागली होती. पहिल्या खेळाच्या दिवशी भिंतीवर गाडी कोण चालवणार, हे आमच्यात बोलणं झालं नव्हतं. मी तोच चालवणार असं धरून चालले होते. त्यानं चावी माझ्या हातात ठेवली आणि दाराबाहेर गेला.

मी गाडीत बसले. वर माणसं भरली होती. चाचांनी बाहेरून भिंतीवर हाताची थाप मारली, म्हणजे सगळं ठीक होतं. मी वर पाहिलं. मागच्या पल्ल्यावर, कठड्याला अगदी खेटून, गर्दीच्या मधोमध दादा उभा होता. त्याच्या खांद्यावर त्याची मुलगी बसली होती आणि वहिनीनं त्याचा दंड धरला होता.

मी गाडी उतारावर घेतली, वेग दिला आणि भिंतीवर चढवली. पहिल्या फेरीला त्याच्या समोरून गेले तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

दुसऱ्या फेरीला त्यानं ते उघडले.